रोजचा भुसावळ–जळगाव रस्ता, घरात सहा माणसं: हायब्रीड घ्यावी का?

वाचकाचं पत्र:

"मी भुसावळला राहते, नोकरी जळगावला. रोज स्वतः गाडी चालवत जाऊन-येऊन ५४ किलोमीटर होतात, वर्षातले कामाचे दिवस साधारण २८०. घरात आम्ही दोघं, दोन मुलं (वय १३ आणि ९) आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सावद्याजवळ केळीची शेती आहे, आठवड्यातून एकदा तरी तिथे जाणं होतं. वर्षातून दोनदा पुणे, एकदा वणीचा गड, बाकी लग्नकार्यं. राहायला फ्लॅट, पार्किंग उघड्यावर, चार्जिंगची सोय नाही, म्हणून इलेक्ट्रिकचा विचार सोडून दिला. २०१३ ची डिझेल गाडी आता काढायची आहे. पाच सीटच्या हायब्रीडचं कोटेशन ऑन-रोड १९ लाख ८० हजार आलंय, त्याच गाडीचं पेट्रोल ऑटोमॅटिक मॉडेल १७ लाख ३० हजाराला पडतं. शोरूमवाले म्हणतात, २८ चा अ‍ॅव्हरेज आहे, दोन-तीन वर्षांत जादाचे पैसे वसूल होतील. सासरे म्हणतात, आपल्या उन्हात ती बॅटरी टिकायची नाही. कोणाचं ऐकू?"
— एक वाचक, भुसावळ

ताई, सासऱ्यांना वाटते तेवढी बॅटरीची भीती नाही. पण शोरूमवाल्यांनी सांगितलेला हिशेबही तुमच्या रस्त्याचा नाही. पुण्या-मुंबईत रोज दोन तास सिग्नलला अडकणाऱ्याचा तो हिशेब आहे. आमचं स्पष्ट मत असं, की पाच सीटची ही हायब्रीड तुमच्या घराने घेऊ नये. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे. तुमचं बहुतेक रनिंग हायवेचं आहे आणि घरात माणसं सहा आहेत, ही दोन कारणं आहेत.

आधी एक घोळ मिटवू, कारण शोरूममध्ये दोन्ही कोटेशनांवर 'हायब्रीड' लिहून देतात. तुमचं १७ लाख ३० हजारवालं मॉडेल बहुधा 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट' हायब्रीड असेल. त्यात अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर चालणारी एक छोटी मोटर असते. ती गाडी उभी राहिली की बंद झालेलं इंजिन अलगद सुरू करते आणि पिकअपला जरा हात देते. चाकं एकट्याने फिरवणं तिला जमत नाही. १९ लाख ८० हजारवाली ती 'स्ट्राँग' हायब्रीड. तिच्यात मोठी मोटर आणि वेगळी हाय-व्होल्टेज बॅटरी असते आणि गाडी काही अंतर इंजिन पूर्ण बंद ठेवून चालते. २८ च्या आकड्यावरून तुमचं कोटेशन मारुतीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायरायडर यांपैकी एकीचं दिसतं. या जुळ्या गाड्यांत ही बॅटरी अवघी ०.७६ युनिटची आहे. ती बाहेरून चार्ज करायची नसते. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा आणि इंजिनची उरलेली ताकद तिच्यात साठते आणि लगेच वापरलीही जाते. पुढे जिथे हायब्रीड म्हटलंय तिथे ही स्ट्राँग हायब्रीडच समजा.

आता ही गाडी पेट्रोल कुठे वाचवते ते बघा. पेट्रोल इंजिन सगळ्यात जास्त नासाडी करतं ते हळू चालताना आणि उभं असताना. जळगावात अजिंठा चौफुली, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक असं करत संध्याकाळी पाच-सहाच्या गर्दीत गाडी सरकते, तेव्हा साध्या ऑटोमॅटिकचा अ‍ॅव्हरेज १०–११ वर येतो. हायब्रीड त्याच गर्दीत इंजिन बंद करून मोटरवर सरकते आणि प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत मिळवते, म्हणून २२ च्या आसपास देते. एकदा का नशिराबाद मागे टाकून तुम्ही ८०–९० च्या वेगाने सलग निघालात, की वसूल करायला ब्रेकच उरत नाहीत. गाडी ओढतं ते इंजिन, हवेचा विरोध दोन्ही गाड्यांना सारखाच. अशा रस्त्यावर पेट्रोल ऑटोमॅटिक १६ देते, तर हायब्रीड २०. फरक आहे, पण दुपटीचा नाही.

२८ चा आकडा खोटा नाही. या जुळ्या गाड्यांचा जाहीर आकडा २७.९७ आहे. पण तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. त्या चाचणीत एसी बंद असतो, वेग ९० च्या पुढे जात नाही आणि बराचसा वेळ शहरी पद्धतीने थांबत-चालत जातो, म्हणजे जिथे हायब्रीडची चांदी असते नेमकं तिथे. भुसावळच्या मे महिन्यात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवणार? त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत त्यात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते. ही घट सगळ्याच पेट्रोल गाड्यांना लागू आहे.

आता तुमचा हिशेब. नोकरीचे १५ हजार किलोमीटर, पुणे, वणी आणि लग्नकार्यं मिळून ३ हजार, शेत आणि गावातलं ३ हजार, असं वर्षाचं रनिंग सुमारे २१ हजार होतं. त्यातले १८ हजार हायवेचे धरू, पेट्रोल १०५ रुपये धरू. साध्या ऑटोमॅटिकला हायवेवर १,१२५ आणि गावात २७३, मिळून १,३९८ लिटर लागतील. हायब्रीडला हायवेवर ९०० आणि गावात १३६, मिळून १,०३६ लिटर. बचत ३६२ लिटर, म्हणजे वर्षाला ३८ हजार रुपये. जादा मोजलेले अडीच लाख फिटायला साडेसहा वर्षं. आणि ते अडीच लाख कर्जातून दिले, तर ९ टक्के व्याजाने पाच वर्षांत त्याचेच ३ लाख ११ हजार होतात. मग आठ वर्षं धरून चाला.

या आठ वर्षांपाशी जरा थांबा. हायब्रीड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. वर्षाला २१ हजारांच्या रनिंगने तुमचे किलोमीटर साडेसात वर्षांच्या आसपासच संपतील. म्हणजे गाडी तुम्हाला पैसे परत द्यायला लागायच्या आधीच बॅटरीची जबाबदारी कंपनीकडून तुमच्याकडे येते. वॉरंटी संपली म्हणून बॅटरी दुसऱ्या दिवशी मरत नाही हे खरं, पण फायद्याची वर्षं बिनवॉरंटीची असणार, हे सही करण्याआधी डोळ्यांसमोर असावं. हेच २१ हजार किलोमीटर सगळे शहरातल्या गर्दीतले असते, तर वर्षाची बचत एक लाखाच्या घरात गेली असती आणि अडीच लाख अडीच वर्षांत वसूल झाले असते. शोरूमवाल्यांचं 'दोन-तीन वर्षं' येतं ते तिथून.

किमतीत सरकारकडून सूट मिळेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब हायब्रीडला ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकला ५ टक्के. आपल्याकडे पासिंगच्या वेळचा रस्ता करही हायब्रीडला पेट्रोल गाडीसारखाच भरावा लागतो.

सासऱ्यांच्या शंकेचं उत्तर मात्र नीट द्यायला हवं, कारण ती आपल्या भागापुरती रास्त आहे. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, यात वाद नाही. म्हणूनच तिच्याजवळ पंखा असतो. तो गाडीतली थंड हवा ओढून बॅटरीवर सोडतो. ही हवा आत घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटजवळ, खालच्या कोपऱ्यात असते, आणि गडबड होते ती तिथेच. मुलांचं दप्तर, सतरंजी, शेतातून आणलेली पोती त्या जाळीला टेकली, की पंखा नुसताच घरघरतो आणि हवा पोचत नाही. जाळीमागे फिल्टर असेल तर तो केळीच्या बागेतल्या रस्त्याच्या धुळीने आणि केसांच्या गुंतवळ्याने चोंदतो. मग बॅटरी तापते, गाडीचा कॉम्प्युटर तिचा वापर आखडता घेतो, इंजिन जास्त वेळ चालतं, अ‍ॅव्हरेज उतरतो आणि मालक म्हणतो, बॅटरी गेली. खरं तर जाळी साफ करायची असते. आपल्याकडे हे काम दर सर्व्हिसला, म्हणजे १० हजार किलोमीटरला, सांगून करून घ्यावं. मार्चअखेर उन्हाळा लागायच्या तोंडावर एकदा वेगळं बघावं. गाडी उन्हात तापली असेल, तर निघताना दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा बाहेर घालवा आणि मगच एसी लावा. त्या पंख्याला गाडीतलीच हवा मिळते, ती जितकी लवकर थंड होईल तितकं बॅटरीला बरं.

उन्हाळ्यात आणखी एक भ्रम तुटतो. 'उभ्या गाडीत एसी लावून बसलं तरी पेट्रोल लागत नाही' असं सांगतात. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो हे खरं. पण बॅटरी पाऊण युनिटची, त्यातलाही मधलाच भाग वापरात, आणि ४४–४५ अंशांत एसी तासाला दीड युनिट सहज खातो. काही मिनिटांत इंजिन आपोआप सुरू होणारच. तो बिघाड नव्हे.

घाटाचंही तसंच. पुण्याला जाताना अजिंठ्याचा घाट आणि वणीला नांदुरीहून गडावरची चढण तुमच्या वाट्याला आहे. चढताना मोटर सुरुवातीला छान ढकलते, मग बॅटरी उतरते आणि सगळा भार तीन सिलिंडरच्या दीड लिटर इंजिनवर येतो. ते एकटं ९२ हॉर्सपॉवरचं आहे. गाडी चढते, पण इंजिन एका सुरात ओरडत राहतं आणि भरल्या गाडीत ते कानाला जाणवतं. उतरताना उलट. माणसांसकट १,६०० किलोची गाडी शंभर मीटर खाली उतरताना सुमारे ०.४ युनिट ऊर्जा सोडते, त्यामुळे पाऊण युनिटची बॅटरी उतार संपायच्या आत भरते. त्यानंतर परत मिळवलेली वीज ठेवायला जागा नसते आणि सगळा ताण ब्रेकवर येतो. म्हणून गड उतरायला लागताच गिअरचा दांडा 'बी' वर टाकावा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढतं आणि ब्रेक तापत नाहीत.

पण ताई, अ‍ॅव्हरेज आणि बॅटरी या दोन्हींच्या आधीचा प्रश्न सीटचा आहे, आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. पाच सीटच्या गाडीत सहावं माणूस म्हणजे एक मूल मांडीवर किंवा दोघांत एक पट्टा. पुण्याच्या चारशे किलोमीटरला हे धोक्याचं आहे आणि बेकायदाही. तेरा वर्षांचा मुलगा काय किंवा मुलगी काय, दोन वर्षांत मोठ्या माणसाएवढी जागा घेणार. शिवाय या गाडीत बॅटरी मागे बसवल्यामुळे डिक्की साध्या मॉडेलच्या ३७३ लिटरवरून २६५ लिटरवर आली आहे. दोन मध्यम बॅगा ठेवल्या की ती भरते. शेतावरून येताना केळीचा एखादा घड घ्यायचा म्हटला तरी तो मागच्या सीटवर जाणार, आणि केळीच्या चिकाचा डाग सीटवरून निघत नाही हे तुम्हाला सांगायला नको. सात-आठ सीटची स्ट्राँग हायब्रीड आहे, इनोव्हा हायक्रॉस आणि तिची जुळी इन्व्हिक्टो. घर मोठं असेल तर फार गुणाची गाडी, पण तिचं हायब्रीड मॉडेल तुमच्या २० लाखांच्या बरंच वर जातं. तेवढं कर्ज वाढवावं असं तुमच्या रस्त्यात काही नाही.

मग काय घ्यावं? पहिली पसंती सात सीटची सीएनजी, उदाहरणार्थ अर्टिगा. तुमच्या हायब्रीडपेक्षा ती पाच-सहा लाखांनी स्वस्त पडेल. प्रत्यक्षात किलोला २२ किलोमीटर धरा, गॅस ९० रुपये धरा, तर वर्षाचं इंधन ८६ हजारांत बसतं. हायब्रीडचं १ लाख ९ हजार होतं. अडचणी मात्र खऱ्या आहेत, त्याही ऐका. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात आठेक किलो गॅस बसतो, म्हणजे एका भरण्यात १७५ किलोमीटर. तुम्हाला दर तिसऱ्या दिवशी, वर्षातून सुमारे १२० वेळा पंपावर जावं लागेल. एका वेळेला वीस मिनिटं गेली तरी वर्षाचे ४० तास झाले. म्हणून गाडी बुक करायच्या आधी आठवडाभर तुमच्या येण्या-जाण्याच्या नेमक्या वेळेला वाटेवरच्या पंपावरची रांग बघा, आणि गॅस पूर्ण दाबाने, म्हणजे २०० बारपर्यंत, भरला जातो का ते विचारा. उन्हाळ्यात दाब तोच दिसतो पण गॅस थोडा कमी बसतो, म्हणून शक्यतो सकाळी भरावा. सिलिंडर डिक्कीत असतो, त्यामुळे सहा जण बसले की बॅगांना वरचं कॅरिअर लागेल. गॅसवर ताकद १०३ वरून ८८ हॉर्सपॉवरवर येते, तेव्हा घाटाच्या पायथ्याशी बटण दाबून पेट्रोलवर यावं. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते. आणि या गाडीत सीएनजीसोबत ऑटोमॅटिक मिळत नाही, क्लच दाबावाच लागेल. गेली इतकी वर्षं तुम्ही तो दाबताच आहात.

ऑटोमॅटिकच हवी असेल किंवा पंपावरची रांग परवडणारी नसेल, तर सात सीटची डिझेल बघा, कॅरेन्ससारखी. हल्ली सगळे डिझेलला घाबरतात, कारण सायलेन्सरमधला काजळी धरणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, चोंदतो. तो चोंदतो ते गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्यांचा. ६०–७० च्या वेगाने सलग पंधरा-वीस मिनिटं चाललं, की आतली काजळी जळून जाते. तुमच्या २७ किलोमीटरच्या हायवेत हे रोज दोनदा आपसूक घडणार. डिझेल ९२ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १७ धरला तर वर्षाला १ लाख १४ हजार होतात. हायब्रीडपेक्षा फक्त पाच हजार जास्त, आणि दोन सीट जादा.

हायब्रीड तुमच्यासाठी योग्य ठरेल अशी एकच परिस्थिती दिसते: येत्या वर्षा-दोन वर्षांत बदली होऊन तुम्ही पुण्या-नाशिकला राहायला जाणार असाल आणि सासू-सासरे भुसावळलाच राहणार असतील. तसं ठरलं असेल, तर वरचं सगळं उलटं वाचा आणि हायब्रीडच घ्या. पण सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: हाय-व्होल्टेजचं काम जळगावच्या सर्व्हिस सेंटरलाच होतं की गाडी बाहेरगावी पाठवावी लागते, बॅटरीची आजची किंमत किती, आणि उंदराने वायर कुरतडली तर विम्यात ती बसते का. केशरी रंगाच्या जाड वायरी हाय-व्होल्टेजच्या असतात. त्यांना सांधा मारून चालत नाही, सबंध बदलाव्या लागतात. उघड्या पार्किंगमध्ये हा खर्च कधीही दारात उभा राहू शकतो. बाहेरच्या दुकानात हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टमसाठी वायर कापू देऊ नका, वॉरंटी तिथेच जाते.

आणि हायब्रीड शेतरस्त्यावर बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करून अजिबात आणू नका. पुढची चाकं जमिनीवर फिरली की आतली मोटरही फिरते आणि वीज तयार करत राहते. त्याने नुकसान भलत्याच ठिकाणी होतं. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची. मात्र आधी साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. हायब्रीड बंद पडण्यामागे पुष्कळदा तीच असते, कारण तिच्याशिवाय मोठी बॅटरी जोडलीच जात नाही आणि डॅशबोर्डवर 'रेडी' येत नाही. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल, तर घरच्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास ती 'रेडी' करून ठेवायला सांगा.

ट्रायल घेताना घरच्या सहाही जणांना सोबत न्या. शोरूमच्या मागच्या गल्लीतल्या फेरीने काही कळत नाही. नाहाटा चौफुलीवरून नशिराबादपर्यंत जाऊन या, एसी पूर्ण लावून, सगळे जण बसवून. मुलांना तिसऱ्या रांगेत बसवा आणि त्यांचे गुडघे पुढच्या सीटला लागतात का ते बघा. सासूबाईंना मधल्या रांगेत कोणाचाही हात न धरता स्वतः चढू-उतरू द्या, दोनदा. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला असेल तर त्या सरळ मागे टेकून बसतील. खाली असेल तर गुडघ्यांवर भार देऊन उठावं लागेल, वर असेल तर पाय उचलावा लागेल. दोन गाड्यांमध्ये निवड अडली, तर ज्या गाडीतून त्या सहज उतरल्या ती घ्या.